सगळं लाल असताना सोलापुरात नव्या पेठेतल्या शेअरच्या ऑफिसात गेलो, त्याचा रिव्ह्यू

साडेतीन स्टार. अर्धा जिन्यानं खाल्ला, एक ब्रोकरेजनं. बाकी तक्रारी आहेत, त्या पण सांगतो.

ऑफिसचं नाव लिहीत नाही. एक तर अण्णांनी (मालक, त्यांना सगळे अण्णाच म्हणतात) स्वतःच सांगितलं की बाबा रे नेटवर नाव टाकू नको, वरच्या कंपनीला (म्हणजे ज्या मोठ्या ब्रोकर कंपनीचं काम ते इथं बघतात) विचारल्याशिवाय आमची जाहिरात झालेली चालत नाही. आणि दुसरं म्हणजे खाली दोन-तीन गोष्टींवर मी चिडून लिहिलंय, ते नाव घेऊन लिहिणं बरं दिसत नाही. नवी पेठ, कापड दुकानांच्या वर, दुसरा मजला, एवढ्यावर भागवा.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. म्हणजे दुसऱ्याचा बॅलन्स शीट रोज बघायचा आणि स्वतःचे पैसे मात्र मोबाईलवर अंगठा फिरवून लावायचे, असला कारभार. लॉकडाऊनमध्ये ॲपवर डिमॅट (शेअर ठेवायचं ऑनलाइन खातं) उघडलं, तेव्हा मार्च २०२० ला निफ्टी (बाजाराचा निर्देशांक) साडेसात हजाराला टेकून आला होता, त्यानंतर चार वर्षं काहीही घेतलं तरी वर जात होतं आणि मला वाटायला लागलं की आपल्याला यातलं कळतंय. २७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी २६,२७७ ला गेला, त्या दिवशी मी कारखान्यात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग ऑक्टोबरपासून जी घसरगुंडी लागली ती फेब्रुवारीपर्यंत, सलग पाच महिने खाली, १९९६ नंतर पहिल्यांदा असं झालं म्हणे. आठ लाख दहा हजाराचा माझा पोर्टफोलिओ सहा चाळीसवर आला. बायकोला सांगितलं नाही. तिनं विचारलं पण नाही, तेच जास्त लागलं.

मग मी काय केलं, तर सगळे करतात तेच. आता डिव्हिडंडवाले, म्हणजे नफ्यातला वाटा दर वर्षी रोख देणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेऊ, भाव पडला तरी पैसे तर येत राहतील, असं म्हणून ॲपमध्ये डिव्हिडंड यील्डच्या (डिव्हिडंड भावाच्या किती टक्के, त्या) कॉलमवर बोट ठेवलं, सगळ्यात जास्त वर आणलं आणि अकरा टक्केवाली एक कंपनी चाळीस हजाराची उचलली. बँकेत सात टक्क्याच्या आसपास, इथं अकरा, आणखी काय पाहिजे. दोन महिन्यांनी कळलं की गेल्या वर्षी त्यांनी जमीन विकली होती, त्याचे पैसे एकदाच वाटले, तेच त्या अकरा टक्क्यात धरलेले. पुढच्या वेळी शेअरमागं दोन रुपये जाहीर केले. दोन! आणि भाव आणखी पंधरा टक्के खाली.

तरी मी ऑफिसात या कारणासाठी गेलोच नव्हतो. गेलो तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या ट्रंकेमुळं. त्यांच्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत कागदी शेअर सापडले, कोलगेटचे आणि आणखी दोन कंपन्यांचे, त्यातली एक तर आता दुसरीत विलीन झालेली. तात्या म्हणाले पूर्वी घरी चेक यायचा, आता येत नाही, बंद पडली असंल कंपनी. कोलगेट बंद पडली म्हणे! रोज सकाळी त्याच पेस्टनं दात घासतात. शेजारच्या काकांनी सांगितलं की कागदी शेअरचं काम करून पाहिजे तर नव्या पेठेत अण्णांकडं जा, ॲपवाल्याला फोन लावून बसशील तर शेअर तुझ्या पोराच्या नावावर होतील.

तर ऑफिस. जिना उभा आणि अरुंद, लिफ्ट नाही, तात्यांना मधल्या मजल्यावर पाच मिनिटं बसवावं लागलं. वर गेल्यावर एक लांब खोली, भिंतीला टीव्ही, आवाज बंद, खाली आकड्यांची पट्टी पळतीये. सहा-सात खुर्च्या, त्यातल्या चार कायमच्या रिटायर्ड लोकांच्या. एक पूर्व भागातले, यंत्रमाग विकून बसलेले, ते अण्णांशी तेलुगूत बोलतात, दुसरे कन्नडमध्ये पुटपुटतात, भांडण आलं की सगळे मराठीवर येतात. कॉम्प्युटरवर एक पोरगं. एसी आहे पण तो दाखवायला, मार्चमध्येच घामाघूम. चहा मात्र वेळेवर येतो आणि पैसे देऊ देत नाहीत.

कागदाचं काम आधी सांगतो कारण तिथं पाचपैकी पाच. पोरग्यानं एका बघण्यात सांगितलं की चेक का थांबले. १ एप्रिल २०२४ पासून कागदी शेअरवाल्यांचं पॅन, पत्ता, बँक खातं, सही हे रजिस्ट्रारकडं (कंपनीच्या शेअरवाल्यांची नोंद ठेवणारा) अपडेट नसेल तर डिव्हिडंड अडकून राहतो, अपडेट केलं की थेट खात्यात येतो. आणि सलग सात वर्षं डिव्हिडंड उचलला नाही तर नुसते पैसे नाही, शेअरच सरकारच्या फंडात जातात, आयईपीएफ म्हणतात त्याला, तिथनं परत आणता येतात पण फॉर्म भरून भरून हात दुखतात. आमचं पाच वर्षांचं राहिलं होतं, म्हणजे दोन वर्षांनी वाचलो. केवायसीचे फॉर्म, बँकेतनं सहीची खात्री करून आणायचा कागद, नॉमिनेशन, कॅन्सल चेक, सगळं त्यांनी पेन्सिलनं खुणा करून दिलं. मग डिमॅट. कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करणं २०१९ पासून बंदच आहे, डिमॅट केल्याशिवाय विकताही येत नाही. तात्यांचं खातं साधंवालं, बेसिक सर्व्हिस, चार लाखाच्या आत होल्डिंग असलं तर वर्षाची फी शून्य, हे पण त्यांनीच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. ॲपवाल्यानं मला आजपर्यंत हे सांगितलेलं नाही.

तीन महिने लागले. कोलगेटचे कागदावर साठ होते, २०१५ ला एकाला एक बोनस मिळाला होता तो धरून एकशेवीस. २०२३-२४ चा डिव्हिडंड शेअरला ५८ रुपये होता, म्हणजे तात्यांचे एका वर्षाचेच ६,९६० रुपये झाले, मागचे वेगळे. तात्यांना आकडा सांगितला तर म्हणाले एवढ्यात तर आम्ही घर बांधलं होतं.

तर अशा कामासाठी चकरा चालू असताना एक दिवस मी माझं लाल झालेलं ॲप अण्णांना दाखवलं. म्हटलं अण्णा, मंदी आहे, आता डिव्हिडंडचे आणि लाँग टर्मचे चांगले चार-पाच सांगा. अण्णा हसले. म्हणाले, "मी सांगू शकत नाही बे. मला लायसन नाही सल्ला द्यायचं." त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला, ते ऑथोराइज्ड पर्सन आहेत, पूर्वी सब-ब्रोकर म्हणायचे. पैसे घेऊन सल्ला द्यायचा असेल तर सेबीकडं (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी लागते, रिसर्च ॲनालिस्टचा नंबर आयएनएच नं सुरू होतो, ॲडव्हायजरचा आयएनए नं, टेलिग्रामवर कुणी टिप देत असेल तर आधी हा नंबर माग, नसेल तर उठून ये. मला खरं सांगायचं तर राग आला. एवढा जिना चढून आलो आणि हा माणूस लायसन दाखवतोय. मग म्हणाले, "सांगू शकत नाही. विचारू शकतो की. बस."

आणि मग जे झालं त्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय.

पहिलं त्यांनी एक जुनी वही काढली. कोल इंडिया, सरकारी कोळसा कंपनी. २०१० ला सरकारनं २४५ नं विकला तिथपासून लिहिलेलं. २०१५ ला चारशेच्या वर. ऑक्टोबर २०२० ला एकशे दहा. मधल्या वर्षांत डिव्हिडंड दर वर्षी आला, एक वर्ष चुकलं नाही. मला विचारलं, "चारशेला घेतलेला माणूस २०२० ला डिव्हिडंड मोजत बसला असंल, का रडत?" मी म्हटलं रडत. "आन विकला असंल का?" म्हटलं बहुतेक. "कधी?" म्हटलं एकशे दहालाच. अण्णा म्हणाले बरोबर, माझ्याकडनंच विकले लोकांनी, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून. ऑगस्ट २०२४ ला तोच शेअर ५४० ला.

मग पेन दिलं माझ्या हातात. २०२३-२४ ला शेअरला साडेपंचवीस रुपये डिव्हिडंड. ५४० भावाला किती टक्के? मी केलं, ४.७. आता मार्च २०२५, भाव ३६५ च्या आसपास, किती? सात. "कंपनीनं काय वाढवून दिलं का?" नाही. "मग टक्का कशानं वाढला?" भाव पडला म्हणून. एवढं साधं. मी अकाउंटंट माणूस, छेदातला आकडा लहान झाला की उत्तर मोठं येतं हे मला कारखान्यात कळतं आणि ॲपमध्ये कळलं नाही. मंदीत ती यील्डची यादी वरून खाली लावली की काय दिसतं, तर सगळ्यात जास्त आपटलेले सगळ्यात वर दिसतात. बाजाराला ज्यांच्या पुढच्या डिव्हिडंडवर विश्वास नाही ते सगळ्यात वर. आणि आपण त्यालाच बाजारातला स्वस्त माल समजून पिशवी भरतो.

वेदान्ताचं उदाहरण त्यांनी नाही, त्या यंत्रमागवाल्या काकांनी काढलं. २०२२-२३ ला शेअरला १०१.५० रुपये वाटले होते. २०२३ च्या सप्टेंबरात भाव सव्वादोनशेच्या आसपास, मागच्या वर्षाचा डिव्हिडंड धरून टक्का काढला तर पंचेचाळीसच्या वर. पंचेचाळीस टक्के! सावकार पण एवढं घेत नाही. पुढच्या वर्षी आले साडेएकोणतीस. काका म्हणाले मी त्या पंचेचाळीसला भुलून घेतला. मी म्हटलं मग फसलात. तर म्हणे नाही की, नंतर भाव दुप्पट झाला, २०२४ ला पाचशे ओलांडला. खोलीत सगळे हसले. अण्णा तेवढ्यात म्हणाले, फायदा झाला पण ज्या कारणासाठी घेतला होता त्यानं नाही झाला, हे वहीत लिहून ठेव नाहीतर पुढच्या वेळी तेच करशील. मला हे वाक्य त्या दिवशी फार भारी वाटलं नाही, आता वाटतं. नफ्यात पण चूक असू शकते हे ॲप कधीच सांगत नाही, तिथं हिरवं म्हणजे शहाणा आणि लाल म्हणजे येडा.

मग माझ्या त्या अकरा टक्केवाल्या कंपनीवर आले. पाच वर्षांचे आकडे पोरग्याला काढायला लावले. डिव्हिडंड किती यापेक्षा तो कुठल्या पैशातनं दिला ते बघायचं. नफ्यातनं दिला का, आणि नफा नुसता कागदावर आहे का धंद्यातनं रोकड खरंच आली. रोकड आली तर त्यातली मशिनरीत, नव्या प्लांटमध्ये किती गेली आणि उरली किती. उरल्यातनं वाटला तर ठीक. कर्ज काढून वाटला, जमीन विकून वाटला, तर ते म्हणजे घरातलं सोनं विकून लग्नाची पंगत. आमच्या कारखान्याच्या मालकाला मी हेच दर तिमाहीला सांगतो! उधारी वसूल नाही झाली आणि तुम्ही पार्टनरना पैसे काढायला देताय म्हणून. तिथं मी शहाणा.

आयटीसीचं विचारलं मी, कारण सगळेच सांगतात. ती कंपनी नफ्याच्या शंभरातले ऐंशीच्या वर वाटून टाकते, २०२३-२४ ला पावणेचौदा रुपये, तेव्हाच्या चारशेच्या भावाला साडेतीन टक्क्याच्या आत. कोल इंडिया नफ्याच्या निम्म्याहून कमी वाटते. मग जास्त वाटणारी चांगली का कमी वाटणारी? मी म्हटलं जास्त. अण्णा म्हणाले सिगारेटच्या धंद्यात नवीन पैसा घालायला फारशी जागा नाही म्हणून वाटते, ते चालतं, पण ज्या धंद्याला दर दोन वर्षांनी नवीन मशीन लागतं त्यानं ऐंशी टक्के वाटले तर मशीन कशानं घेणार. म्हणजे टक्का धंद्यावर ठरतो, नुसता आकडा बघून नाही.

सरकारी कंपन्या का एवढं देतात ते पण तिथंच कळलं. सरकारचा नियमच आहे की नफ्याच्या तीस टक्के किंवा नेट वर्थच्या (देणी वजा करून कंपनीचं जे उरतं त्याच्या) चार टक्के, यातलं जे जास्त ते निदान वाटायचं. आधी पाच टक्के होतं, नोव्हेंबर २०२४ ला चार केलं. सगळ्यात मोठा भागीदार सरकार, त्याला बजेटला पैसा पाहिजे, मग तुम्हाआम्हाला पण मिळतो. पण तोच मोठा भागीदार उद्या तुझ्या फायद्याच्या विरुद्ध पण ठरवू शकतो, भाव वाढवू नको म्हणेल, शेअर बाजारात विकायला काढेल. पॉवरग्रिडसारख्याचा परतावा वीज आयोग ठरवून देतो, म्हणून तिथं उड्या नाहीत आणि धक्के पण कमी. हे सगळं मला कुठल्याही टिपमध्ये मिळालं नव्हतं, टिपमध्ये फक्त टार्गेट असतं.

लाँग टर्मवर अण्णा जास्त बोलले नाहीत, मला वाटलं होतं तिथं भाषण देतील. खिडकीतनं बोट दाखवलं नुसतं, म्हणाले, लक्ष्मी-विष्णू मिलच्या भोंग्यावर अर्धं सोलापूर घड्याळ लावायचं, तो भोंगा बंद पडेल असं कुणाला वाटलं होतं का. बस. मग चहा आला. लाँग टर्म म्हणजे घेऊन विसरायचं असं मला वाटायचं, दरवर्षी एकदा बॅलन्स शीट उघडून बघायचा म्हणजे लाँग टर्म, असं त्यांचं म्हणणं असावं. त्यांनी असं म्हटलं नाही, मी लावला अर्थ.

गावच्या कंपनीचं पण निघालं, निघणारच. बालाजी अमाइन्स, सोलापूरचीच, २०२१ ला पाच हजाराच्या वर होती, २०२५ च्या मार्चमध्ये बाराशेच्या आसपास. खोलीतल्या प्रत्येकाकडं आहे. एक जण म्हणाला आता स्वस्त, डिव्हिडंडसाठी घ्यावा. अण्णांनी पेन त्याच्याकडं सरकवलं. डिव्हिडंड एक टक्क्याच्या आत निघाला. म्हणजे घ्यायचा असंल तर केमिकलचा धंदा फिरेल म्हणून घे, डिव्हिडंड म्हणून नको घेऊ, आणि गावची म्हणून तर अजिबात नको, गावचा जावई म्हणून उधार देतो का तू. पुन्हा हशा.

आणखी एक खुळ माझं उतरवलं. मी डिव्हिडंडच्या आदल्या दिवशी शेअर घ्यायचो, एक्स-डेटच्या (ज्या दिवसापासून घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) आधी एक दिवस खरेदी असली की नाव यादीत येतं. अण्णा म्हणाले तीनशेचा शेअर, दहा रुपये डिव्हिडंड, दुसऱ्या दिवशी बाजार साधारण दोनशे नव्वदला उघडतो. तुझ्याच खिशातले दहा रुपये तुला दिले, आणि वर सरकारनं त्यावर टॅक्स घेतला. २०२० च्या एप्रिलपासून डिव्हिडंड आपल्या उत्पन्नात धरतात, तीस टक्क्याच्या स्लॅबवाल्याचे दहातले तीन रुपये आणि वर सेस गेला. पूर्वी कंपनी भरायची म्हणून लोकांना वाटतं अजून फुकट आहे. एका कंपनीकडनं वर्षात दहा हजाराच्या वर झाला की दहा टक्के टीडीएस कापतात, मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा पाच हजार होती. तात्यांसाठी पंधरा-एच (टीडीएस कापू नका म्हणून द्यायचा फॉर्म) भरून दिला त्यांनी, त्यांचं उत्पन्न टॅक्सात बसत नाही. भाव वाढून विकला तर मात्र वर्षानंतर सव्वा लाखापर्यंतच्या फायद्याला टॅक्स नाही, पुढं साडेबारा टक्के. म्हणजे माझ्यासारख्या पगारदारानं डिव्हिडंडमागं एवढं पळायचंच कशाला, हा प्रश्न मला तिथं पहिल्यांदा पडला. मी गेलो होतो डिव्हिडंडचे शेअर विचारायला!

आणि तात्या? तात्यांनी बसल्या बसल्या विचारलं की माझ्या रिटायरमेंटच्या पैशातनं चार लाखाचे असले डिव्हिडंडवाले घेऊ का, महिन्याला हातात पैसे येतील. इथं अण्णांना आयतं गिऱ्हाईक होतं, चार लाखाचं ब्रोकरेज. म्हणाले, "तात्या, पोस्टात जावा. सिनियर सिटिझनला ८.२ टक्के आहे, तिमाहीला खात्यात येतात, तीस लाखापर्यंत चालतं. पंच्याहत्तराव्या वर्षी बाजाराचा टीव्ही बघून बीपी वाढवू नका." मी या एका वाक्यासाठी स्टार वाढवला असता पण जिना आठवला.

आता चिडायच्या गोष्टी.

एक, ब्रोकरेज. शंभराला चाळीस पैसे. पन्नास हजाराची खरेदी केली तर दोनशे रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २३६. विकताना परत. ॲपवर डिलिव्हरीला शून्य. एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा सरकारी कर, पन्नास रुपये दोन्हीकडं सारखाच, तो कुणाला चुकत नाही. बोलून बघितलं, पंचवीस पैशावर आणतो म्हणाले, पण ते वरच्या कंपनीनं करून द्यायचं, दीड महिना झाला, सॉफ्टवेअरमध्ये अजून चाळीसच. दर वेळी पोरगं म्हणतं होतंय की.

दोन, आणि हे जास्त वाईट. अण्णा एवढं शिकवतात आणि त्याच ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वरच्या कंपनीकडनं येणारी पीडीएफ पडते, मंदीतले दहा डिव्हिडंड हिरे वगैरे. उघडून बघितली तर काय, यील्डवरनं खाली लावलेली यादी! तीच, ज्याच्यावर मी आपटलो. कुठं रोकड नाही, कुठं कर्ज नाही, एकदाच दिलेला डिव्हिडंड पण धरलेला. अण्णांना दाखवली तर म्हणाले ती मला पण येते, मी वाचत नाही. अहो पण तुमच्या नावाच्या ग्रुपवर येते ना, खुर्चीवरचे चार लोक तुम्हाला विचारतील, बाकीचे दोनशे घरी बसून घेऊन टाकतील. यावर ते गप्प बसले. नंतर म्हणाले ग्रुप बंद करतो. केला नाही अजून.

तीन, खातं उघडल्यावर आठ दिवसात पुण्याहून एका मॅडमचा फोन, सर तुमची रिलेशनशिप मॅनेजर, सर ऑप्शनमध्ये (भाव वर जाईल का खाली यावर लावायचे सौदे) रोजचा इन्कम करू शकता. मी म्हटलं मॅडम मी डिव्हिडंडमध्ये आपटलेला माणूस आहे, मला ऑप्शन नका दाखवू. तरी तीन वेळा फोन. नंबर बंद करायला परत जिना चढलो.

७ एप्रिलचं सांगायचं राहिलं. ट्रम्पच्या टॅरिफनंतरचा सोमवार. सेन्सेक्स त्या दिवशी २,२२६ अंकांनी खाली बंद झाला, सकाळी तर त्याच्याहून जास्त पडला होता. मी हाफ डे टाकून ऑफिसात जाऊन बसलो, घरी बसलो असतो तर काहीतरी विकलं असतं हे मला माहीत होतं. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय. आत टीव्ही लाल, सगळे गप्प, यंत्रमागवाले काका शेंगादाणे खात. दहा वाजता एका तरुण पोराचा फोन आला, सगळं विका. अण्णांनी विचारलं, मुलीची फी भरायचीये का, दवाखाना आहे का? नाही. मग एक काम कर, साडेतीनला फोन कर, तेव्हा पण वाटलं तर उद्या सकाळी पहिली ऑर्डर तुझी टाकतो. साडेतीनला त्याचा फोन आला नाही. ॲपवर दोन सेकंदात विकलं गेलं असतं. माझ्या हिशेबात ते २३६ रुपये याचे आहेत, पण प्रत्येक खरेदीला याची गरज नसते, म्हणून मी असं केलंय की तात्यांचं खातं अण्णांकडं, माझी ठरवून होणारी खरेदी ॲपवर, आणि बाजार कोसळला की मी जिना चढतो. अण्णांना हे माहीत आहे. म्हणाले, "फुकटात डोकं खातोस का बे?" चहा तरी मागवला.

त्या दिवशी मी घेतलं काय, तर काहीच नाही. मे महिन्यात अकरा टक्केवाली विकली, चौदा हजाराचा खड्डा. त्या पैशात थोडे कोल इंडिया आणि निफ्टीचा साधा इंडेक्स फंड (निफ्टीतल्या सगळ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे लावणारा). कोल इंडिया पण का घेतला ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, कोळशाला पुढं काय होईल याची भीती पण तिथंच लिहिलीये, म्हणजे पडला तर मला नवीन कारण शोधायला नको.

जायचं असेल तर शनिवारी सकाळी अकरा ते एक जा, बाजार बंद असतो, अण्णा मोकळे असतात. सोमवार ते शुक्रवार सव्वानऊ ते साडेतीन पोरगं बोलायला मोकळं नसतं. गाडी नव्या पेठेत लावायला जागा मिळणार नाही, लांब लावून चालत या. कागदी शेअर असतील तर मूळ सर्टिफिकेट पहिल्याच दिवशी घेऊन जाऊ नका, झेरॉक्स न्या, सोबत पॅन, आधार आणि नाव छापलेला कॅन्सल चेक. तात्यांसारखे कुणी बरोबर असतील तर मधल्या मजल्यावर टेलरच्या दुकानाबाहेर एक लाकडी बाकडं आहे, तिथं बसवा, टेलर काही म्हणत नाही.

ब्रोकरेज पंचवीस पैसे झालं की चार स्टार करतो.